तीन वर्षांसाठी आलेले मास्तर

मास्तरांना संस्थेत आणून सोडलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आणि फक्त तीन वर्षांसाठी आले होते. वडिलांनी त्यांचा हात फाटकाच्या गार गजावर ठेवला आणि म्हणाले, "हे धरून उभा राहा, मी सही करून येतो." सही करून ते आले, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. त्या गोष्टीला आता बेचाळीस वर्षं झाली होती.

संस्था अंधांसाठी होती. हातकाम शिकवायचं, स्वतःच्या पायावर उभं करायचं आणि आपल्या माणसांत परत पाठवायचं, असा तिचा उद्देश संस्थापकांनी घालून दिला होता. मास्तर खुर्च्या विणायला शिकले. लाकडी चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. त्यांतून वेताच्या ओल्या पट्ट्या आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या ओवत जायचं आणि शेवटी काठ बांधायचा. ज्याची बोटं शहाणी त्याला डोळ्यांची गरज नाही, असं हे काम. मास्तरांची बोटं एवढी शहाणी निघाली की सतराव्या वर्षी त्यांनी विणलेली बैठक कुठली आणि गुरुजींची कुठली, हे गुरुजींनाही हात लावून सांगता येईना.

मास्तरांच्या एकोणिसाव्या वर्षी गुरुजी वारले. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले, "नवे शिक्षक मिळेपर्यंत सांभाळ बाबा. सहा महिन्यांचा प्रश्न आहे." सहा महिने गेले, सहा वर्षं गेली. ज्याच्या घरात दिवा लागलाय तो काडेपेटी कशाला शोधेल? तसं संस्थेनं शिक्षक शोधणं सोडून दिलं. पोरगा मास्तर झाला, मग सगळ्यांचे मास्तर झाले.

मध्यंतरी, तिशीच्या अलीकडे, मेणबत्ती विभागातल्या एका मुलीशी त्यांचं जुळलं होतं. संस्थेत राहून लग्न करता येत नव्हतं. बाहेर पडायचं तर शिकवायला दुसरं कुणी हवं होतं. ती म्हणाली, "मी थांबते." दीड वर्ष थांबली, मग तिचा भाऊ तिला घेऊन गेला. तिनं जाताना काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

त्यांची खोली विणकामाच्या दालनामागं होती. लांबीला सहा पावलं, रुंदीला चार. एक खिडकी होती, पण ती धुलाईघराच्या भिंतीकडे उघडायची, त्यामुळे वारा येण्याऐवजी साबणाचा वास यायचा. दाराला आतून कडी नव्हती. कुणाला बरं नसलं तर आत जाता आलं पाहिजे, हा नियम. फाटक रात्री आठला बंद, हा दुसरा नियम. नियम कुणी वाईट हेतूनं केले नव्हते. संस्थेतल्या कुठल्याच माणसाचा हेतू वाईट नव्हता, आणि म्हणूनच मास्तरांना कुणावर धड चिडताही येत नसे.

तर त्या बेचाळिसाव्या वर्षी वरून, सरकारी खात्याकडून, पत्र आलं. प्रत्येक संस्थेनं आपला उद्देश, ध्येय आणि उद्दिष्टं नव्यानं लिहून काढावीत, नाहीतर मान्यतेचा विचार करावा लागेल. व्यवस्थापकांची धावपळ सुरू झाली. ते स्वभावानं बरे, पण कागद पाहिला की त्यांना घाम फुटायचा. एक सल्लागार बाई ठरवल्या गेल्या. जेवणाच्या दालनात दोन दिवसांची बैठक भरली. अकरा जणांच्या समितीत मास्तरांसकट पाच अंधांनाही घेतलं होतं.

बैठकीआधी कारकुनानं रजिस्टर वाचून दाखवलं. "प्रशिक्षणार्थी, एकूण एकतीस. क्रमांक एक..." आणि त्यानं मास्तरांचं पूर्ण नाव वाचलं.

मास्तर हसले. "अहो, चुकून शिक्षकांचं पान उघडलंत."

"नाही मास्तर. शिक्षकांच्या पानावर तुम्ही कुठंच नाही. तुमच्यापुढं 'प्रशिक्षणार्थी, ज्येष्ठ' असं लिहिलंय. मुदत तीन वर्षं."

कुणीतरी म्हणालं, "बेचाळीस वर्षं एकाच इयत्तेत!" दालनभर हशा पिकला. मास्तरही हसले. पण चहाचा कप खाली ठेवताना त्यांचा हात बशी चुकला. असं कधी होत नसे.

सल्लागार बाईंनी भिंतीवर रंगीत कागद चिकटवायला घेतले. बराच वेळ नुसता कागदांचा आणि चिकटपट्टीचा आवाज येत होता.

"बाई, भिंतीवर काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"पिवळे कागद म्हणजे उद्देश, निळे म्हणजे ध्येय, हिरवे म्हणजे उद्दिष्ट."

"छान. आमच्या पाच जणांसाठी त्यांना निरनिराळा वास तरी लावा म्हणजे झालं."

पुन्हा हशा. बाई ओशाळल्या, पण माणूस सच्चा निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणलेच नाहीत. काचकागद, कापड आणि पुठ्ठा यांचे तुकडे आणले आणि एकेकाच्या हातात दिले. "काचकागद म्हणजे उद्देश. आपण मुळात आहोत कशासाठी? कापड म्हणजे ध्येय, आपल्याला पोचायचं कुठं? आणि पुठ्ठा म्हणजे उद्दिष्ट. कधीपर्यंत आणि किती?"

मास्तर म्हणाले, "म्हणजे माणसाला बसता यावं हा खुर्चीचा उद्देश. बैठक मजबूत विणायची हे ध्येय. आणि गुरुवारपर्यंत चार खुर्च्या, हे उद्दिष्ट."

"मास्तर, मी हे आता सगळीकडे सांगणार," बाई म्हणाल्या.

उद्देशावर वाद झाला नाही, तो संस्थापकांचाच राहिला. घोडं अडलं उद्दिष्टावर. ठरलं असं, की तीन वर्षांत प्रशिक्षणार्थींना शिकवून बाहेर कामाला लावायचं. पण किती जणांना? बाई म्हणाल्या, "ऐंशी टक्के लिहू. उद्दिष्ट गाठता येण्याजोगं असावं."

मास्तरांनी मनात हिशेब केला. एकतिसातले पंचवीस बाहेर जातील, सहा राहतील. ते सहा कोण असतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सहांतला पहिला क्रमांक कुणाचा, हे तर कालच कारकुनानं वाचलं होतं. शंभर लिहिलं तर मात्र कुणालाच मागं ठेवता येणार नाही. रजिस्टरात आपण प्रशिक्षणार्थी आहोत ना? मग प्रशिक्षणार्थीला लागू होईल ते आपल्यालाही लागू होईल. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना फाटक आतून उघडल्याचा भास झाला.

"बाई, शंभर लिहा."

"शंभर फार कठीण असतं, मास्तर."

"खुर्चीला बहात्तर भोकं असतात. त्यातली ऐंशी टक्के विणली आणि बाकीची सोडली, तर त्या खुर्चीवर तुम्ही बसाल का?"

टाळ्या पडल्या. व्यवस्थापकांना तर शंभर हा आकडा फारच शोभिवंत वाटला. 'तीन वर्षांत शंभर टक्के पुनर्वसन' असं पत्रकात छापलं गेलं आणि फाटकावर तसा फलकही लागला. मास्तरांनी एकदा जाऊन त्याच्या उठावाच्या अक्षरांवरून बोटं फिरवली. चांगला जाड पत्रा होता.

महिन्याभरानं फर्निचरवाला आला. हा गावातला दुकानदार, मोडक्या खुर्च्या विणायला आणून टाकायचा. मास्तरांशी त्याची वीस वर्षांची ओळख. म्हणाला, "मास्तर, दुकानामागची खोली रिकामी झालीय. तुम्ही तिकडंच या ना राहायला. काम एवढं आहे की मान वर काढायला फुरसत मिळणार नाही."

"खोलीला आतून कडी आहे?"

"कडी? आहे की. वरही आहे आणि खालीही."

मास्तर त्याच दुपारी व्यवस्थापकांकडे गेले. "साहेब, शंभरातला पहिला मी. माझी सोय झाली. मला सोडा."

व्यवस्थापक गडबडले. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला, मग कागद उलटल्याचा. "मास्तर, तुमचं पुनर्वसन तर झालं की! गेल्या आठवड्यातच अहवाल पाठवला." त्यांनी वाचून दाखवलं, "क्रमांक एक. काम, विणकाम शिकवणे. कामाचं ठिकाण, संस्था. राहण्याचं ठिकाण, संस्था. शेरा, उद्दिष्ट पूर्ण."

मास्तरांनी विचारलं, "म्हणजे मी बाहेर पडलो?"

"कागदोपत्री, हो."

"मग आता खरोखर जातो."

"तुम्हाला कुणी अडवलंय का?" व्यवस्थापकांचा आवाज खाली आला. त्यात धमकी नव्हती, काकुळती होती. "पण तुमच्या वर्गात नऊ जण आहेत. तुम्ही गेलात तर त्यांना शिकवणार कोण? तीन जाहिराती दिल्या, एक अर्ज नाही. नऊ जण तीन वर्षांत तयार झाले नाहीत तर मान्यता जाईल, आणि मान्यता गेली तर एकतीस माणसं जाणार कुठं? शंभर टक्के मी म्हटलं नव्हतं, मास्तर. मी ऐंशीवर खूश होतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तर खोलीत आले आणि कॉटवर बसले. भिंतीपलीकडे धुलाईघराचं यंत्र घरघरत होतं.

रविवारी त्यांची ताई भेटायला आली. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. सगळं ऐकून म्हणाली, "तू आमच्याकडे चल सरळ. तुझ्या भावोजींनी कधी नाही म्हटलंय?"

मास्तर ताईकडे दरवर्षी आठ दिवस जात. तिथं सगळे जीव लावायचे. पाण्याचा पेला हातात, चप्पल पायाशी. ते उठले की चार आवाज एकदम यायचे, "बसा, बसा, काय हवंय?" आठ दिवस ते पलंगाच्या कडेवर बसून काढायचे.

"ताई, तिथं मी काय करू?"

"काय करायचंय? आराम कर. आणि इथं तरी तुला कुणी बांधून ठेवलंय का?"

"नाही ना," मास्तर म्हणाले. "बांधलं असतं तर सोडवता तरी आलं असतं."

ताई चिडली. "तुझं हे नेहमीचं. सरळ बोलशील तर शपथ!" पण जाताना तिनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मास्तरांनी मग दुसरी वाट काढली. शिकवायला कुणी मिळत नाही ना, तर आपणच शिक्षक तयार करायचा. नऊ जणांत एक बाई होत्या, चाळिशीच्या, आधी बसमध्ये कंडक्टर होत्या. आजारपणात दोन वर्षांत दृष्टी गेली होती. सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत आणि त्यांची सवयही तशीच होती. पट्ट्या भिजत घातलेल्या टबाशी गर्दी झाली की ओरडायच्या, "पुढं सरका, मागं जागा आहे!" पहिल्या महिन्यात त्यांच्या हातून पट्ट्या तुटायच्या. रागानं त्या चौकटच ढकलून द्यायच्या.

"मास्तर, तुम्ही जन्माचे असेच. तुम्हाला काय कळणार, असलेलं जाणं म्हणजे काय?"

"नाही कळणार," मास्तर म्हणाले. "पट्टीची गुळगुळीत बाजू वर ठेवा. आणि एवढी ओढू नका, ती काही पळून जात नाही."

सहा महिन्यांत बाईंचा हात बसला. वर्षभरात त्या इतरांच्या चुका बोटानं शोधून काढू लागल्या. मास्तर मुद्दाम बाजूला बसायचे आणि वर्ग त्यांच्यावर सोडायचे. फर्निचरवाला आला की म्हणायचे, "थोडं थांब. खोली कुणाला देऊ नको." तो म्हणायचा, "मास्तर, तुमच्यासाठी थांबलोय, दुसऱ्या कुणासाठी थांबलो नसतो."

वर्षअखेरीस सल्लागार बाई आढाव्याला आल्या. मास्तरांनी समितीपुढं विषय काढला. "कंडक्टरबाईंना इथं शिक्षक म्हणून ठेवा."

व्यवस्थापक म्हणाले, "कसं ठेवणार? त्या प्रशिक्षणार्थी आहेत. त्यांना बाहेर कामाला लावलं तरच आकडा धरतात. 'काम संस्थेत, राहणं संस्थेत' हे तुमच्या बाबतीत एकदा चाललं. तपासणीवाल्यांनी तेव्हाच लाल खूण केली, पुन्हा चालणार नाही म्हणाले."

"मग शंभराचे नव्वद करा."

"फाटकावर फलक लागलाय, मास्तर. एकदा शंभर लिहिल्यावर नव्वद कोण लिहील? खाली आल्यासारखं दिसतं."

सल्लागार बाईंनी पत्रक पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "शिक्षक तयार करणं हे वेगळं उद्दिष्ट म्हणून टाकू या." ते टाकलंही. पत्रकात सातव्या क्रमांकावर गेलं, मुदतीच्या जागी 'यथावकाश' असं लिहून. बैठक संपल्यावर बाई मास्तरांजवळ आल्या. "माझं चुकलं. तुम्ही शंभर म्हणालात तेव्हा तुम्ही स्वतःबद्दल बोलत होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही, बाई. वाक्य चांगलंच आहे. फक्त माझ्या मापाचं नाही."

तरी मास्तरांनी आशा सोडली नव्हती. कागद काहीही म्हणू देत, कंडक्टरबाई राहायला तयार झाल्या तर व्यवस्थापकांना गळ घालता येईल, असं त्यांना वाटत होतं. एका दुपारी वर्ग सुटल्यावर त्यांनी बाईंना थांबवलं आणि सगळं सांगितलं.

बाई टबात हात घालून बसल्या होत्या. पाण्याचा आवाज थांबला.

"मास्तर, मला इथं राहायचं नाही."

"का?"

"माझी मुलगी भावाकडे आहे. चौदा वर्षांची. तिथं ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवते. मला कुणी सांगितलं नाही, तिच्या बोलण्यावरून कळतं. मला खोली हवी. ती आणि मी, आणि मध्ये कुणी नको."

मास्तर म्हणाले, "ठीक आहे," आणि उठून गेले. दोन दिवस ते बाईंशी कामापुरतं बोलले. त्यांना राग आला होता आणि रागाची लाजही वाटत होती. एवढं शिकवलं ते कशासाठी, असं मनात यायचं आणि लगेच उत्तर यायचं, याचसाठी तर. संस्थेचा उद्देश जर कुणी खरोखर पाळत असेल तर ती ही बाई होती.

तिसऱ्या दिवशी फर्निचरवाला आला. या वेळी तो टेकला नाही. "मास्तर, दीड वर्ष झालं. माझ्याकडे चाळीस खुर्च्या पडल्यात. येताय की नाही ते आज सांगा. नसाल येत तर दुसरं माणूस द्या."

वर्गात नऊ जणांच्या पट्ट्या चौकटींवर घासत होत्या. कुणाची ढिली, कुणाची घट्ट, मास्तरांना नुसत्या आवाजावरून कळत होतं. त्यातला एकच आवाज सरळ, एका लयीत चालला होता.

"माणूस देतो," मास्तर म्हणाले. "बाई आहे. माझ्यापेक्षा एक गोष्ट चांगली करते, तिरप्या पट्ट्या. बरोबर मुलगी येईल. चालेल?"

"तुम्ही म्हणताय तर चालेल. पण तुम्ही?"

"माझं झालंय पुनर्वसन," मास्तर म्हणाले. दुकानदाराला वाटलं थट्टा आहे. तो हसला.

पंधरा दिवसांत बाई गेल्या. व्यवस्थापकांनी छोटा समारंभ केला, भाषण केलं. बाई पाया पडायला वाकल्या तेव्हा मास्तरांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. "पट्टी जास्त ओढू नका," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या जागी एक नवा माणूस आला, बोटं राठ, घाबरलेला. चौकट हातात दिल्यावर त्यानं विचारलं, "हे शिकायला किती दिवस लागतात?"

"तीन वर्षं," मास्तर म्हणाले.

दोन महिन्यांनी एका रविवारी ते काठी घेऊन फर्निचरच्या दुकानात गेले. मागची खोली नऊ पावलं लांब निघाली. खिडकीतून रस्त्याचे आवाज येत होते, सायकलची घंटा, कुणाचं तरी भांडण, पलीकडे करवत. मुलीनं दार उघडलं, त्यांचा हात धरून खुर्चीपर्यंत नेलं आणि विचारलं, "चहा की पाणी?" बाईंचं काम चालूच होतं.

"बसा हं मास्तर. एवढा काठ बांधते. मंगळवारपर्यंत सहा द्यायच्यात."

मास्तर बसले. जवळच्या एका तयार खुर्चीवर त्यांनी हात ठेवला आणि सवयीनं एकेक रांग तपासली. कुठं चूक नव्हती. बाई आणि मुलगी कसल्यातरी वहीवरून वाद घालत होत्या. मुलगी मध्येच मोठ्यानं हसत होती. मास्तरांना कुणी काही विचारत नव्हतं, कुणी "बसा, बसा" म्हणत नव्हतं. त्यांना तिथं फार बरं वाटत होतं.

"आज जेवूनच जा," बाई म्हणाल्या.

"किती वाजले?"

"सात वाजून गेले," मुलीनं सांगितलं.

मास्तर उठले. चालत पाऊण तास लागायचा. मुलगी म्हणाली, "मी कोपऱ्यापर्यंत येते," पण त्यांनी नको म्हटलं, वाट पाठ झाली होती. बाई दारापर्यंत आल्या. मास्तर चार पायऱ्या उतरले, आणि मागं दार बंद झाल्याचं त्यांनी ऐकलं. आधी वरची कडी, मग खालची. ते क्षणभर तिथंच थांबले आणि मग काठी टेकत, जरा भरभर, निघाले.